कोंडतापाच्या वर्षीची गावपळण

आमच्या गावात हवा हुंगणारी यंत्रं बसली त्या आठवड्यात शेजारच्या इंदूकाकीने तिच्या घरातल्या यंत्रावर ओला टॉवेल टाकून ठेवला होता. का म्हणून विचारलं, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गो शलाके, मार्गशीर्षातलो गुरुवार आसा आणि मी बांगडे तळतंय. ह्या मेल्या हुंग्यान सगळ्या तालुक्याक कळवल्यान तर?"

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. त्या दिवसापासून अख्खं पोयनाळे गाव त्याला हुंग्या म्हणायला लागलं, आणि मी, तालुक्याची हवा-निरीक्षक शलाका घाडी, हुंग्यावाली झाले. पुण्यात शिकून, मुंबईत नोकरी करून शेवटी मिळवलेली पदवी ती हीच.

हुंग्याला बांगड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या पोटात नखाएवढी एक पट्टी होती आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे, गळासारखे वाकडे लाखो बारीक आकडे. एका ठरावीक विषाणूच्या अंगावरचे काटे तेवढे त्या आकड्यांत अडकत. यंत्र खोलीतली हवा सतत पट्टीवरून ओढून घेई. आकडे मोकळे असले की हिरवा दिवा, थोडे भरले की पिवळा, पुष्कळ भरले की लाल. हातात धरायचा एक छोटा हुंग्याही असे. त्यात फुंकर मारली की त्या माणसाचा निकाल लागे, आणि तोही ताप यायच्या आधी, घसा खवखवायच्या आधी. डॉक्टरांना जे चार दिवसांनी कळलं असतं ते हुंग्याला आजच कळायचं.

साथ जगभर पसरली होती. आजाराचं शास्त्रीय नाव नुसती अक्षरं आणि आकडे होतं, म्हणून आपल्याकडे लोकांनी त्याला कोंडताप म्हटलं. हा विषाणू मोठा विचित्र होता. उन्हात आणि वाऱ्यात तो काही मिनिटांत मरायचा. बंद खोलीत, गार आणि कोरड्या हवेत मात्र तासन्‌तास तरंगत राहायचा. अशा खोलीत पडलेला माणूस स्वतःच बाहेर टाकलेला विषाणू पुन्हा पुन्हा आत ओढत राही, आणि साधा ताप फुप्फुसात उतरे.

आणि आमची घरं तोवर बंद डबे झाली होती. हिवाळा नावालाच उरला होता. नवीन जातीचे डास बारा महिने चावत होते. त्यामुळे कौलं गेली, स्लॅब आले, खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा आल्या आणि खोलीखोलीत एसी आला. ओटीवर वाऱ्याला झोपणारा माणूस गावात शोधला असता तर एकटे माझे बाबा सापडले असते.

बाबा म्हणजे वासुदेव घाडी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली आणि त्याच्या जोडीला गावाचं घाडीपण सांभाळलं. देवासमोर गावाच्या वतीने बोलायचं, गाऱ्हाणं घालायचं, हे काम आमच्या घराकडे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा, की माडाखाली उभे राहून हाक मारत आणि खाडीवरचा होडीवाला वळून बघे. माझं आणि त्यांचं देवावरून रोज वाजायचं आणि जेवताना मिटायचं.

साथ आली तेव्हा वरून पहिला आदेश आला: घरातच राहा. आमच्या पिढीला तो कोणी समजावून सांगावा लागला नाही. मी सहा वर्षांची असताना मोठ्या साथीत आमच्या घराचं दार बंद झालं होतं. पहिली-दुसरी मी फोनवर शिकले. माझ्या वयाच्या माणसांना साथ म्हटलं की हात आपोआप कडीकडे जातो. दार लावणं म्हणजे शहाणपणा, दार लावणं म्हणजे दुसऱ्याची काळजी, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. आणि मला त्याचा अभिमान आहे. निनाद परब माझ्याहून थोडा लहान, मालवणच्या बाजारातून ड्रोनने माल आणून देण्याचा त्याचा धंदा. त्याने एका सकाळीत सगळी तरुण मंडळी कामाला लावली. दारादारात तांदूळ, औषधं, गॅस. म्हाताऱ्यांची औषधं कुणी न सांगता वेगळ्या पिशवीत. बाकी कोणी घरातून पाऊल बाहेर टाकलं नाही. एवढी शिस्त मी शहरातही पाहिली नव्हती.

आणि रोज माझ्या नकाशावर एकेक घर हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल होत गेलं. जे घर जास्त शिस्तीचं ते आधी लाल झालं. इंदूकाकीचं घर तेवढं हिरवं राहिलं, कारण तिच्या कोंबड्या आतबाहेर करायच्या म्हणून तिचं मागचं दार कधी लागतच नसे.

मी आकडेमोड तीनतीनदा तपासली. दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या देशांतून तेच येत होतं. मागच्या साथीत घराने वाचवलं होतं, या साथीत घर मारत होतं. खिडक्या उघडा म्हणून सांगितलं तर अर्ध्या खिडक्या उघडतच नव्हत्या. उघडत होत्या त्या लोकांनी तासभर उघडून डासांच्या भीतीने परत लावल्या. हवा बदलायचा एकच खात्रीचा उपाय होता. माणसांनी काही काळ घरं सोडायची. रिकाम्या घरातला विषाणू मरून जाईल आणि मोकळ्या हवेत माणसं बरी होतील. शहरांत त्यासाठी मैदानांवर तंबू उभे राहिले, पण माणसं घर सोडायला तयार होईनात. पोलीस आले, भांडणं झाली, कोर्टात अर्ज गेले.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगत होते. त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे गावपळण करूची म्हण की!"

मला हसावं की रडावं कळेना.

गावपळण ही आमच्या भागातल्या काही गावांची जुनी रीत. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, एक जीव मागे राहत नाही. बाहेर माडाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारलेल्या मांडवात राहायचं, एकत्र रांधायचं, गायचं, आणि ठरलेले दिवस भरून देवाने परत कौल दिला की माघारी यायचं. भुतांना गाव मोकळं करून द्यायचं म्हणून, की माणसांना हवापालट म्हणून, याबद्दल घराघरात वेगळी कथा. आमच्या गावाची गावपळण मात्र मागेच बंद पडली होती. नोकरीवाल्यांना सुट्टी मिळेना, मुलांच्या परीक्षा येत, आणि मांडवात नेट नसे.

एक गोष्ट मी इथेच स्पष्ट सांगते. आमच्या पूर्वजांना विषाणू ठाऊक होता, असं माझं म्हणणं नाही. नव्हता ठाऊक. पण काय करायचं ते शास्त्राने सांगितल्यावर सहाशे माणसांना एका सकाळी घराबाहेर काढायचं कसं, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते बाबांच्या पिढीला येत होतं, कारण त्यांनी ते केलेलं होतं.

देवळासमोरच्या पटांगणात लांबलांब उभं राहून सभा झाली. निनाद भडकलाच.

"सहाशे माणसा एका जाग्यार? एका ताटात जेवतले, गळ्यात गळे घालून भजना म्हणतले. शलाकाताय, तू तरी सांग तेंका! माझी आजी आसा घरात."

"आजी खोलीत बंद आसा ना रे?" बाबा म्हणाले. "आणि तिच्या खोलीचो दिवो खंयचो?"

निनादने आपल्या घराकडे पाहिलं. दिवा काल पिवळा झाला होता.

मी मध्ये पडले. खाडीवरचा साकव ओलांडला की गावाची वेस संपते आणि पुढे कातळाचा सडा, म्हणजे पठार, लागतो, उघडाबोडका, समुद्राच्या वाऱ्याचा. तिथे भिंती नसलेले मांडव घालायचे. एका घराचा एक मांडव, मध्ये मोकळी जागा. दिवसा वारा समुद्राकडून येतो, पहाटे डोंगराकडून. म्हणून आजाऱ्यांची ओळ दोन्ही वाऱ्यांच्या वाटेतून बाजूला, दक्षिणेकडे. ज्यांच्या फुप्फुसात आजार उतरलाय त्यांना आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं. पंगत नाही, फुगडी नाही.

"भजन?" इंदूकाकीने विचारलं.

"नको काकी."

"मगे ती गावपळण कसली? ता शाळेचा शिबिर झाला!"

तासभर घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं, की भजन होईल, पण प्रत्येक घराने आपल्याच मांडवात उभं राहून म्हणायचं. टाळ एका मांडवात, पखवाज तिसऱ्या. तरुणांनी सोलर पॅनेल लावायचे, म्हणजे फोन चार्ज करायला कोणी चोरून गावात जाणार नाही. निनाद शेवटपर्यंत पुरता पटलेला नव्हता. पण मांडवांमधली अंतरं टेपने मोजायला सगळ्यात आधी गेला तोच.

तरीही पुष्कळ घरं अडून बसली होती. म्हाताऱ्यांना देवाचा कौल पाहिजे होता आणि तरुणांना घराचं दार सोडवत नव्हतं. बाबा घरोघर गेले. मी नको म्हणत होते, पण एसटीच्या गर्दीत ज्याने जन्म काढला तो कोणाचं ऐकतो! बंद खोल्यांत, गार हवेत, लोकांच्या शेजारी बसून त्यांनी प्रत्येकाला समजावलं. मास्क लावत, पण बोलायला लागले की खाली ओढत. मास्कमधून समजूत घालता येत नाही, असं त्यांचं मत.

कौलाच्या दिवशी गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या फुलांचे कळे लावले. उजवीकडचा कळा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. प्रश्न विचारायचं काम बाबांचं. रीतीप्रमाणे विचारायचं ते एवढंच, की गाव बाहेर जातंय, ठरलेल्या दिवसांनी परत येईल, राजी आहेस का. मला धास्ती होती ती त्या ठरलेल्या दिवसांची. विषाणू पंचांग बघून मरत नाही. लोक अर्धेकच्चे बरे होऊन परत आले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

बाबांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गाव भायर जाता, म्हाराजा. परत कधी येवचा ता ह्या माझ्या चेडवाच्या यंत्रान सांगूचा. तुका मान्य आसात तर उजवो दे."

पटांगणात कुजबुज झाली. असा प्रश्न देवाला आजवर कोणी विचारला नव्हता. बराच वेळ एकही कळा हलला नाही. शक्यता निम्मी-निम्मी, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि त्या निम्म्यावर सहाशे माणसं टांगलेली होती. मग उजवीकडचा कळा घसरला आणि पायरीवर पडला.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, डावो पडलो असतो तर?"

"तर दुसऱ्या तऱ्हेन विचारलंय असतंय," बाबा शांतपणे म्हणाले. "देवाक पण समजावचा लागता गो बाय. सगळी नोकरी मी लोकांका 'म्होरे सरका, म्होरे सरका' म्हणान सरकवलंय. देव काय वेगळो?"

मी रस्त्यात उभी राहून हसले. मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला.

निघायची सकाळ उजाडली. साकवाच्या तोंडाशी मी छोटा हुंग्या घेऊन बसले. एकेक जण फुंकर मारून पुढे जात होता. हिरवे सरळ, लाल-पिवळे दक्षिणेकडे. म्हशी, शेळ्या, टोपल्याखाली कोंबड्या, निनादची आजी खुर्चीत बसून, आणि त्या खुर्चीचे दोन पाय धरून स्वतः निनाद. तरुणांनी बॅटऱ्या, मच्छरदाण्या, औषधं अशी चोख बांधली होती आणि म्हाताऱ्यांनी चुली, झाप, सुंभ अशी चोख बांधली होती, की कोण कोणाला शिकवतंय ते सांगता येऊ नये. रडारड नाही, ढकलाढकली नाही. टीव्हीवर शहरांत जे महिनाभर झालं नाही ते आमच्याकडे दुपारच्या आत झालं. माझा ऊर भरून आला, उगाच कशाला लपवू.

रीतीप्रमाणे घाडी सगळ्यांच्या शेवटी निघतो. बाबा आले, फुंकर मारली. दिवा लाल झाला.

मी पट्टी बदलून पुन्हा फुंकर मारायला लावली. पुन्हा लाल.

बाबांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "बरा. तू जा. मी ऱ्हवतंय हंय. माझ्या ओटीर वारो आसा."

"गावात कोणी ऱ्हवाचा नसता बाबा. तुमीच सांगितलास ना सगळ्यांका?"

"ता चालत्याफिरत्या माणसांचा. थंय तुका सहाशे माणसा बघूची आसत. त्यात माझी तोशीस कोणाक नको."

तोशीस नको. या दोन शब्दांनी बाबांच्या वयाची किती माणसं गेली असतील त्या वर्षी! ताप आला तरी सांगायचं नाही, श्वास लागला तरी पोरांची झोप मोडायची नाही. आम्ही दार लावून माणसं राखायला बघत होतो, आणि ही माणसं बंद दारामागे आवाज न करता पडून राहत होती. मला राग आला आणि रडूही आलं. रीत-परंपरेवरून आयुष्यभर ज्याच्याशी भांडले त्याला मीच आता रीत सांगत होते, आणि तो ऐकत नव्हता.

पलीकडून निनाद धावत आला. आजीची रिकामी खुर्ची त्याच्या हातात होती. थांबून त्याने आधी नीट मास्क बांधला, हातमोजे घातले, मग खुर्ची बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"काकानू, बसा."

"रे, माझो दिवो लाल आसा."

"दिसलो माका. गावात कुत्रो पण ऱ्हवाचो नाय, ह्या भर सभेत कोण बोलला? आता बसतास, काय मी उचलून बसवू?"

बाबा बसले. साकवावरून जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, मला त्यांचे डोळे दिसू नयेत म्हणून असेल.

सड्यावरचे दिवस मला आयुष्यभर पुरतील. वारा असा, की पेज गार व्हायच्या आत प्यावी लागे. संध्याकाळी एका मांडवातून टाळ, दुसऱ्यातून पखवाज, आणि शंभर मांडवांतून एकच अभंग. सुरुवातीला ताल कुठल्या कुठे जायचा आणि सगळे हसायचे. मग हळूहळू जमला. तरुणांना मास्क न विसरता, न कंटाळता लावता येत होता. तो वारसा आमच्या लहानपणच्या साथीचा. म्हणून दक्षिणेच्या ओळीतलं अंघोळीचं पाणी, कपडे, औषधं हे सगळं निनादच्या मंडळींनी अंगावर घेतलं. पेज इंदूकाकी शिजवायची आणि पातेल्याचं झाकण दहादा पुसायची. ज्याला जे येत होतं ते त्याने केलं आणि कोणी कोणाला टोमणा मारला नाही. आमच्या गावात हा चमत्कारच.

दक्षिणेची ओळ एकेक करून हिरवी होत गेली. आधी मुलं, मग बायका, मग निनादची आजी. वारा आपलं काम करत होता. बाबांचा दिवा मात्र लालच राहिला. वय, आणि घरोघरच्या बंद खोल्यांत बसून घेतलेला विषाणू. त्यांना खोकला झाला, मग धाप. जिल्ह्याच्या डॉक्टरबाई रोज स्क्रीनवर बघायच्या. ड्रोनने ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दवाखान्यातही मी ऑक्सिजनच देणार, त्यांना तिथेच राहू द्या. हा वारा मी दवाखान्यात कुठून आणू?" मधले काही दिवस बाबांचा आवाज पार गेला. ओठ हलायचे, ऐकू काही यायचं नाही. वाऱ्याची बाजू सांभाळून मी त्यांच्यासमोर बसायचे, नकाशे बघायचं नाटक करायचे, आणि मनात एकच घोकायचे: हा माणूस आता जायचा नाही, एवढ्यात जायचा नाही.

मग एके दुपारी ते म्हणाले, "गो, पेजेत मीठ नाय." आवाज चिरका होता, पण आवाज होता.

त्याच आठवड्यात गावातले सगळे हुंग्ये हिरवे झाले. रिकाम्या घरांतली हवा स्वच्छ होती. सड्यावर मी सगळ्यांना परत फुंकर मारायला लावली. सगळे हिरवे, एक सोडून. हिशोब सरळ होता. गाव घरी जाऊ शकत होतं. बाबांना हिरवे होईपर्यंत वाऱ्यातच राहावं लागणार होतं, आठ दिवस, पंधरा दिवस, कोण जाणे. यातून सुटतील असं डॉक्टरबाई म्हणत होत्या, पण नक्की म्हणत नव्हत्या. मी त्यांच्याबरोबर राहीन असं ठरवलं आणि सकाळी लाऊडस्पीकरवर सांगितलं, की घरं तयार आहेत.

लोकांनी गाठोडी बांधली, काचा काढून जाळ्या कशा बसवायच्या ते निनादने सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. पण वेस ओलांडायच्या आधी परतीचं गाऱ्हाणं व्हायला हवं. ते घाडीने घालायचं. बाबा ऐकेनात. मांडवाचा बांबू धरून उभे राहिले. गाव वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब, ओळीने उभं राहिलं. गाऱ्हाण्याची पद्धत अशी, की घाडी एकेक मागणं म्हणतो आणि प्रत्येक मागण्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतं. गावाने साथ दिली की ते मागणं सगळ्यांचं होतं.

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी सुरुवात केली. पूर्वीचा आवाज नव्हता, पण पोचत होता.

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरा घर सोडून ह्या कातळार इली, ती तू सांभाळलंस. तशीच म्होरे सांभाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी पोरा रात्रंदिस आजाऱ्यांच्या उशाक बसली, तेंका कधी काय कमी पडूक देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी म्हाताऱ्यांचा आवाज जास्त चढला. निनादने मान खाली घातली.

बाबांनी दम खाल्ला. मग म्हणाले, "आणि हो तुझो घाडी आता म्हातारो झालो. तेका हंय ठेवन तुझो गाव सुखान घराक जाव दे, रे म्हाराजा!"

कोणी काही बोललं नाही.

बाबांना वाटलं वाऱ्याने शब्द नेले. त्यांनी बांबू घट्ट धरून तेच मागणं मोठ्याने म्हटलं. खोकल्याची उबळ आली, ती जिरवली आणि वाट पाहिली. सहाशे माणसं हात जोडून उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द निघेना. घाडीच्या मागण्याला गावाने साथ दिली नाही, असं मी कधी ऐकलेलं नव्हतं. कोणी ठरवलेलंही नव्हतं. मी त्या माणसांना ओळखते, ठरवलं असतं तर मला आदल्या दिवशीच कळलं असतं.

"काय रे, आयकाक येणा नाय?" बाबा चिडले.

"आयकाक इला, काकानू," निनाद ओरडून म्हणाला. "ह्या मागण्याक व्हय म्हणणारो हंय कोण नाय. दुसरा काय ता मागा."

इंदूकाकीने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, सोडलं, त्यातलं पातेलं काढलं आणि कातळावर ठेवून शेजारी बसली. मग तिच्या बाजूचे बसले, त्यांच्या बाजूचे बसले. निनादची आजी खुर्चीतच होती, तिने नुसती चप्पल काढून ठेवली. माझ्या हातात हिरव्या दिव्यांचा नकाशा होता. घरी जा, असं शास्त्राच्या वतीने सांगायचा अधिकार देवाने स्वतः मला दिला होता. मी तो नकाशा मिटला.

बाबा बघत राहिले. घाडी म्हणून त्यांनी या देवाकडे दुसऱ्यांसाठी काय काय मागितलं असेल! कोणाच्या पोराला नोकरी, कोणाच्या म्हशीला दूध, बुडालेल्या होडीतली माणसं, माझी परीक्षा, आईचं दुखणं. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्यांनी पुन्हा हात जोडले.

"माका बरो कर," ते म्हणाले. पहिल्यांदा इतकं हळू, की पुढच्या ओळीलाच ऐकू गेलं असेल. मग बांबू सोडून, सरळ उभं राहून, "माका बरो कर आणि ह्यांच्याबरोबर माका पण घराक ने, रे म्हाराजा!"

त्यावर सड्यावर जे 'व्हय म्हाराजा' उठलं त्यात माझाही आवाज होता, आणि देवाशी माझं तोवर बोलणंसुद्धा नव्हतं.